सात वाचक आणि एक यमू

कादंबरी ही एकट्यानें, दिव्याजवळ, दार लोटून घेऊन वाचावयाची वस्तु आहे असा आपला समज होऊन बसला आहे. हा समज फार जुना नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होऊं लागली, त्या काळीं घरीं आलेला अंक एकाच माणसाच्या मालकीचा बहुधा नसे. एकानें वाचावें, चौघांनीं ऐकावें, आणि माजघराच्या उंबऱ्याशीं बसलेल्या बायकांनीं ऐकत नसल्यासारखें करून ऐकावें, अशी ती रीत होती. पुस्तकरूपानें ही कादंबरी १८९३ सालीं निघाली. तेव्हांपासून आजवर तिच्यावर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, तिजविषयीं अगदीं नवें कांहीं सांगण्याचा आव आणणें धाडसाचें होईल, आणि मी तो आणीत नाहीं. परंतु आम्हीं सात जणांनीं ती एकाच महिन्यांत वाचली, तिच्यावर दोन बैठका चांगले कडाक्याचे वाद झाले, आणि जे प्रश्न मी कित्येक वर्षें वर्गांत खडूनें फळ्यावर लिहीत आलों आहें तेच त्या वादांत अगदीं निराळें रूप घेऊन उभे राहिले. त्यांचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्या मंडळाला नांव नाहीं, घटना नाहीं, वर्गणी नाहीं. पुण्यांतील सात स्नेही महिन्याच्या शेवटच्या रविवारीं पाळीपाळीनें एकमेकांच्या घरीं जमतात आणि ठरलेल्या एका पुस्तकावर बोलतात, इतकेंच. नियम म्हणाल तर एकच : ज्यानें पुस्तक शेवटपर्यंत वाचलें नसेल त्यानें चहा होईपर्यंत तोंड उघडूं नये. मंडळांत एक वकील आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचा अभियंता भाचा आहे, माझी पत्नी आहे, आणि एका मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका आहेत, ज्यांनीं ऐंशी ओलांडली आहे आणि ज्यांना आम्ही सगळेच नुसतें ‘बाई’ म्हणतों. सातवा मी. माझ्या धंद्यामुळें शेवटचा शब्द मला मिळावा असें पहिल्या वर्षीं सर्वांना वाटे. पुढें ती चाल आपोआप मोडली, आणि तें बरें झालें.

पहिली तक्रार आली ती अपेक्षेप्रमाणें पाल्हाळाची. सातांपैकीं चौघांनीं ती केली. यमूचें बालपण संपतां संपत नाहीं. भातुकली, भांडणें, आजीचे बोल, दादाच्या खोड्या, यांतच इतकीं पानें जातात कीं, मुख्य कथानक कोठें आहे याचा वाचकाला विसर पडतो. अभियंत्यानें तर, हें पुस्तक आजच्या एखाद्या संपादकाच्या हातीं गेलें असतें तर तिसरा हिस्सा उरला असता, असें सांगून टाकलें. ही तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं. दर आठवड्याला मजकूर पुरवावयाचा म्हणजे लेखणी सैल सुटते. हरिभाऊ स्वतःच संपादक, तेव्हां त्यांना आवरणारें दुसरें कोणी नव्हतें. आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्याला जें सावकाश आणि घरगुती वाटलें असेल तेंच चार रविवारांत पुस्तक उरकूं पाहणाऱ्याला कंटाळवाणें वाटावें यांत नवल नाहीं.

पण येथेंच थांबलें तर हरिभाऊंच्या रचनेचें मर्म हातचें जातें. ही कादंबरी यमूनें स्वतः सांगितलेली आहे, आणि सांगणारी यमू ही सर्व कांहीं भोगून झाल्यावर मागें वळून पाहणारी यमू आहे. पुढें काय येणार हें तिला ठाऊक आहे. आणि तरीहि ती बाहुलीच्या लग्नाचा तपशील सोडीत नाहीं. कां? माझी पत्नी, जी अशा वेळीं माझ्यापेक्षां थोडक्यांत बोलते, ती म्हणाली, “तिला तेवढेंच सुख मिळालें, तें ती लौकर कशी संपवील?” यापेक्षां चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं. बालपण, सासर, आणि नंतर रघुनाथरावांबरोबर मुंबईंत गेलेले दिवस, यांतच पुस्तकाचा मोठा भाग खर्च झाला आहे. वैधव्य येतें तें शेवटाकडे. दुःखावर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकानें सुखाला एवढी जागा द्यावी यांत निव्वळ पाल्हाळ नाहीं. मुंबईच्या त्या बिऱ्हाडांत नवराबायको एकमेकांशीं मोकळेपणानें बोलतात, ती वाचते, चार घरच्या सुशिक्षित बायकांत वावरते. आज आपल्याला यांत सांगण्यासारखें कांहीं दिसत नाहीं, पण १८९० च्या वाचकाला नवऱ्यानें बायकोशीं दिवसाउजेडीं बोलणें हाच एक प्रसंग होता. तें सगळें आपण पाहिलेलें असतें, आपल्याला त्याची संवय झालेली असते, म्हणून तें हिरावून घेतलें जातें तेव्हां कांहींतरी खरोखरीच गेलें असें वाटतें. काटछाट केलेल्या यमूचें दुःख आपल्याला कळलें असतें, जाणवलें नसतें.

दुसरा वाद अधिक गंभीर. एका पुरुषानें स्त्रीच्या तोंडानें बोलावें काय, आणि त्यानें तसें बोलून तिचें बोलणें तिच्याकडून काढून घेतलें नाहीं काय, असा प्रश्न आमच्या अभियंत्यानें केला. आजकाल हा प्रश्न फार विचारला जातो, आणि पुष्कळदां पुस्तक वाचण्यापूर्वींच विचारला जातो. पण या तरुणानें पुस्तक वाचलेलें होतें, तेव्हां त्याला उत्तर देणें भाग होतें.

इतिहास पाहिला तर गोष्ट अशी दिसते. मराठींत स्त्री स्वतःच्या तोंडानें बोलली नव्हती असें नाहीं. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीं निघाली, आणि तिच्यांतील संतापापुढें यमूचा सगळा विलाप फिका पडेल. पण त्या बाईंचें तें एकच पुस्तक. जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनीं काय घेतलें तें हरिभाऊंच्या कादंबरीचें नांवच सांगतें. त्यानंतर एका कुलीन स्त्रीनें आपल्या संसाराची हकीकत घरगुती भाषेंत, तपशीलवार सांगावी, हा योग रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकानें १९१० सालीं आला; लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ त्याच्याहि पुढचीं. म्हणजे ज्या प्रकारच्या आत्मकथेचें हरिभाऊंनीं १८९० सालीं सोंग घेतलें ती आत्मकथा प्रत्यक्षांत लिहिली जावयाला आणखी वीस वर्षें लागलीं. त्यांच्यापुढें नमुना नव्हता. जें होतें तें कानांवर पडलेलें बोलणें होतें. घरांतल्या बायकांचें, आणि काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिका-स्नेह्यांशीं झालेलें. त्यावरून त्यांनीं यमूचा आवाज बनविला.

तो आवाज कोठें साधला आणि कोठें फसला हें सांगणें टीकाकाराचें काम आहे, आणि माझें मत मी स्पष्टच मांडतों. लहान गोष्टींत तो इतका साधला आहे कीं लेखकाचा विसर पडतो. एकमेकींना टोमणा कसा मारावयाचा, वडील माणूस ओसरीवर आलें कीं बोलणें अर्ध्यावर कसें तोडावयाचें, राग आला तर भांडी कशी आपटावयाचीं, हें सगळें तेथें आहे. माजघराची बोली मराठी गद्यांत एवढ्या ऐटीनें त्यापूर्वीं कधीं आली नव्हती. ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) यांतील नायिका ज्या भाषेंत बोलतात ती भाषा कोणत्याहि घरांत कोणीं कधीं बोललेली नाहीं. पण यमू जेथें समाजाला हांक मारूं लागते, वाचकाला थांबवून त्याच्या अंतःकरणाला हात घालूं लागते, तेथें बाईचा आवाज जातो आणि सभेंतल्या वक्त्याचा आवाज येतो. वकीलसाहेबांना नेमके तेच उतारे आवडले होते. त्यांनीं ते खड्या आवाजांत वाचूनहि दाखविले, आणि वाचून दाखविल्यावर त्यांचे त्यांनाच ते पूर्वींइतके आवडेनासे झाले, असें निदान त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलें.

येथें एक जुनी आठवण द्यावीशी वाटते. मराठींतील पहिल्या कादंबरीची, म्हणजे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) नायिकाहि यमुनाच, आणि विषयहि विधवांचाच. पण ती यमुना पतीबरोबर प्रवास करीत दुसऱ्या विधवांचीं दुःखें पाहते. तीं एकामागून एक तिच्यापुढें येतात, जणूं साक्षीदारच. तिच्यावर वैधव्य आलें तरी तिला वाट सांपडते : ती ख्रिस्ती होते आणि पुन्हां विवाह करते. हरिभाऊंच्या यमूला वाट नाहीं. हा फरक दोन लेखकांच्या धर्माचा नाहीं. एकाला उपाय सांगावयाचा होता, दुसऱ्याला दुखणें दाखवावयाचें होतें. उपाय हरिभाऊंना ठाऊक नव्हता असें नव्हे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईंत निघून पुढच्या वर्षीं पुण्यास आलें होतें, आणि ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं त्या सदनांतल्या एका विधवेशीं लग्न केलें. संमतिवयाच्या बिलावर १८९१ सालीं पुण्यांत जें रण माजलें तें हप्ते छापले जात असतांनाच. वाट होती, पण यमूच्या दारापर्यंत ती आलेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या कीं, आजहि गांवाला दवाखाना असतो आणि तरी बाई घरींच मरते. दवाखाना आहे हें सांगून त्या मरणाचा हिशेब मिटत नाहीं.

आतां मुख्य वादाकडे येतों. तो शंकरमामंजींविषयींचा.

वाचकांना आठवत असेल, रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमू पुन्हां सासरच्या कचाट्यांत सांपडते, आणि शंकरमामंजी तिचें जबरदस्तीनें केशवपन करवितात. शंकरमामंजी हा मराठी कादंबरींतील पहिल्या प्रतीचा खलपुरुष मानला जातो. बाहेरून कर्मठ, आंतून दांभिक. तोंडीं धर्म, मनांत स्वार्थ. वकीलसाहेबांच्या मतें त्याच्याविरुद्ध पुरावा इतका भक्कम आहे कीं, कोठल्याहि न्यायालयांत त्याला सुटका नाहीं, आणि लेखकाचें यश यांतच आहे. डॉक्टरीणबाईंना हाच भाग नाटकी वाटला. मी या बाबतींत डॉक्टरीणबाईंच्या बाजूचा आहें, आणि माझें कारण मी तेथें मांडलें तें असें :

शंकरमामंजी दांभिक आहेत ही वाचकाची मोठी सोय आहे. यमूचें केशवपन एका लबाड माणसानें केलें असें म्हटलें कीं, आपण सगळे मोकळे झालों. आपण लबाड नाहीं. आपले आजे-पणजे लबाड नव्हते. तेव्हां हा दोष एका माणसाचा, फार तर तशा दहा माणसांचा. पण ज्या चालीविरुद्ध ही कादंबरी उभी आहे ती लबाडांच्या जोरावर चाललेली नव्हती. ती श्रद्धाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल माणसांनीं चालविलेली होती. समजा, शंकरमामंजींच्या जागीं एक खरोखरीचा धर्मनिष्ठ मनुष्य असता, त्याची यमूवर मायाहि असती, आणि त्यानें डोळ्यांत पाणी आणून, ‘मुली, तुझ्याच परलोकासाठीं’ असें म्हणून न्हाव्याला बोलावलें असतें, तर तें प्रकरण वाचणें किती असह्य झालें असतें! आणि हें हरिभाऊंना कळत नव्हतें असें म्हणावें तर पुस्तकाचा पहिला भाग त्याच्या उलट साक्ष देतो. यमूचे वडील खलपुरुष नाहींत. कडक आहेत, आणि तेवढ्यानें घरांतल्या बायकांचा श्वास कोंडतो. यमूची मैत्रीण दुर्गी हिचे नवऱ्याच्या हातून जे हाल होतात त्यांत कसलें कारस्थान नाहीं, कसला गुप्त हेतु नाहीं. तसे हाल शेजारींपाजारीं होतच असतात, सगळ्यांना माहीत असतात, आणि सगळे हळहळून आपआपल्या कामाला लागतात. दुर्गीचीं प्रकरणें मला या कादंबरींतील सर्वांत धीट प्रकरणें वाटतात. जो लेखक दुर्गीला उभी करूं शकला त्याला शंकरमामंजींची गरज कां लागावी?

यावर बँकेंतल्या गृहस्थांनीं हप्त्यांच्या प्रकाशनाचें कारण दिलें. साप्ताहिकाच्या वाचकाला एक दुष्ट माणूस लागतोच. तें थोडें खरें आहे. मग बाई बोलल्या. त्या पहिल्या बैठकीला जवळजवळ गप्पच होत्या, आणि वाचून झालें आहे ना, असें कोणीतरी थट्टेनें विचारलें तेव्हां नुसत्या हंसल्या होत्या.

बाईंच्या घरीं त्यांच्या वडिलांची आत्या होती. बाईंनीं तिला आपल्या चौदाव्या वर्षापर्यंत पाहिलें. लाल आलवण, पदराखालीं झांकलेलें डोकें, एकवेळ जेवण. लोणचीं-पापड तिच्या हुकुमाशिवाय होत नसत, आणि घरांतलीं सगळीं मुलें तिच्या अंथरुणांत शिरण्यासाठीं भांडत. ती पंधराव्या वर्षीं विधवा झाली आणि तिचें केशवपन तिच्या वडिलांनीं करविलें. “ते फार चांगले होते,” बाई म्हणाल्या. “त्या दिवसापासून त्यांनीं मरेपर्यंत गोड खाल्लें नाहीं. हें घरांत आम्हांला मोठ्या अभिमानानें सांगत. आमच्या घरीं कोणी शंकरमामंजी नव्हते. सगळे चांगलेच होते. न्हावी मागच्या दारानें येई. तोहि मान वर करून पाहत नसे.”

मला वाटलें कीं, माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा कोणता? पण बाईंना माझें म्हणणें सिद्ध करावयाचें नव्हतें. त्या पुढें म्हणाल्या, “म्हणूनच मला पुस्तकांत शंकरमामंजी हवे आहेत. आत्याआजीला राग कोणाचा करावा हेंच कधीं कळलें नाहीं. वडिलांचा करावा तर ते तिच्यासाठीं उपाशी. देवाचा करावा तर दुसरा कोणी आधार नाहीं. मग तिनें स्वतःचाच केला. आमच्यांत कोणाचें लग्न ठरलें कीं ती आपण होऊन माळ्यावर जाऊन बसे. कोणी सांगत नसे. यमूला निदान एक माणूस असा मिळाला कीं ज्याच्याकडे बोट दाखवतां येईल.”

बैठक तेथें कांहीं वेळ थांबली. वकीलसाहेबांनीं चष्मा पुसला. मग अभियंत्यानें आपल्या मावशीला विचारलें कीं, ही कादंबरी त्या आत्याआजींनीं ऐकली असेल काय. आणि बाईंनींच उत्तर दिलें कीं त्यांच्या घरीं कादंबऱ्या येत नसत, ‘केसरी’ येत असे.

बाईंच्या बोलण्याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. कलेच्या दृष्टीनें माझें मत मी बदललेलें नाहीं. खलपुरुष जितका मोठा तितकी चाल लहान दिसते, हें मला अजून खरें वाटतें, आणि हरिभाऊंनीं शेवटच्या भागांत मोठ्या चित्राऐवजीं गडद चित्र काढलें असेंच मी म्हणेन. पण बाई ज्या वाचकाच्या वतीनें बोलत होत्या तो वाचक टीकाशास्त्राच्या हिशेबांत धरलेला नसतो. आपण ‘वाचक’ म्हणतों तेव्हां आपल्या मनांत सुस्थित, निवांत, स्वतःला सुरक्षित समजणारा मनुष्य असतो, आणि त्याची झोंप मोडणें हें पुस्तकाचें काम असें आपण धरून चालतों. त्याच्यासाठीं शंकरमामंजी ही पळवाट आहे. परंतु उंबऱ्याशीं बसून ऐकणाऱ्यांत एखादी यमू असेल, तर तिची झोंप आधींच मोडलेली आहे. तिला हा अन्याय आहे, प्रारब्ध नव्हे, एवढें कोणीतरी सांगावयाला हवें. आणि अन्याय म्हटला कीं करणारा लागतो. हरिभाऊंनीं या दोघांपैकीं कोणासाठीं लिहिलें? मला वाटतें, पहिल्या भागांत पहिल्यासाठीं आणि शेवटच्या भागांत दुसरीसाठीं, आणि पुस्तकाला जी एक चीर गेलेली आहे ती तेथें आहे. ती चीर बुजविण्याचा मी प्रयत्न करणार नाहीं.

बँकेंतल्या गृहस्थांचें एक म्हणणें राहिलें. त्यांच्या मतें ही कादंबरी आतां वाङ्मयाच्या इतिहासांत जमा झाली. केशवपन गेलें, बालविवाह कायद्यानें गेला, मुली शिकल्या, तेव्हां यमूविषयीं वाटतें ती करुणा ऐतिहासिक नाटकांतल्या पात्राविषयीं वाटावी तशी. हें म्हणणें सभ्य आहे, सोयीचें आहे, आणि बहुतेक सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें. त्याला एक उत्तर खुद्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आहे. हरिभाऊंनीं आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना एक समान नांव दिलें होतें : ‘आजकालच्या गोष्टी’. ऐतिहासिक कादंबऱ्या ते निराळ्या लिहीत. तेथें ‘उषःकाल’ आहे. यमूची गोष्ट त्यांनीं आजकालची म्हणून लिहिली, आणि चाल मोडली म्हणजे गोष्टीचें आजकालपण संपलें असें मानावयाचें तर मग कोणत्याहि जुन्या कादंबरीला आपण कां हात लावतों?

दुसरें उत्तर डॉक्टरीणबाईंनीं दिलें. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें एक ठराव केला : पतीच्या निधनानंतर बाईचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या चाली गांवांत बंद. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींहि हेरवाडचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. ठरावाचें सर्वत्र कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न एवढाच होता कीं, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीं जी चाल इतिहासजमा व्हावयाला लागली असें आपण म्हणतों तिच्यासाठीं २०२२ सालीं ठराव कां करावा लागला? १८९० सालीं मुंबईंतल्या न्हाव्यांनीं सभा भरवून, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाहीं, असा ठराव केला होता. वस्तरा गेला. कुंकवाचें काय, आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणांतून गाळल्या जाणाऱ्या नांवांचें काय, हें प्रत्येक घरानें आपल्याशीं पाहावें. आमच्या मंडळांतल्या एका घरीं त्या प्रश्नानंतर बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिलें नाहीं. तें घर कोणाचें हें सांगण्याचें कारण नाहीं.

ज्या वाचकांनीं ही कादंबरी शाळेंत वेंच्यांतून वाचली आहे आणि पुन्हां हातांत घेतली नाहीं, त्यांनीं ती चौघांच्या मेळ्यांत, हप्त्याहप्त्यानें, मोठ्यानें वाचून पाहावी असें मी सुचवितों. एका बैठकींत तीन-चार प्रकरणांहून अधिक घेऊं नयेत. यमूचीं व्याख्यानें भराभर वाचलीं तरी चालतील. भातुकली आणि मुंबईचें बिऱ्हाड सावकाश वाचावें, आणि दुर्गीचीं प्रकरणें कोणत्याहि कारणानें वगळूं नयेत. ऐकणाऱ्यांत एखादें वृद्ध माणूस असल्यास तें काय म्हणतें तिकडे लक्ष ठेवावें, आणि विशेषतः तें कोठें गप्प बसतें तिकडे.

आमच्या मंडळानें पुढच्या महिन्यासाठीं काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ निवडली आहे. हरिभाऊंच्या स्नेही लेखिकेनें स्वतः कादंबरी लिहिली तेव्हां काय लिहिलें हें पाहावें, अशी सूचना बाईंची. प्रत मिळवितांना पुष्कळ खटपट पडली. शेवटीं एका ग्रंथालयांत एक मिळाली, पानें पिवळीं पडलेलीं, बांधणी सुटत आलेली. ती प्रत्येकानें चार-चार दिवस ठेवून पुढच्याला द्यावयाची असें ठरलें आहे. सध्यां ती वकीलसाहेबांकडे आहे, आणि चार दिवस केव्हांच होऊन गेले आहेत.